सांगलीत जुन्या क्रीडावस्त्र कारागिरासोबत टोपीचं कोलॅब: शंभर बकेट हॅटचा पहिला घाणा

सांगली-मिरजेत कबड्डी संघांची बनियनं, पैलवानांचे लंगोट-जांगिये आणि शाळांचे ट्रॅकसूट शिवणारी जुनी दुकानं अजून तग धरून आहेत. त्याच गल्ल्यांतली विशी-पंचविशीतली पोरं आपापल्या नावानं ओव्हरसाइज टी-शर्ट काढून मोबाइलवरून विकतात. या दोघांनी मिळून एक टोपी काढायची, म्हणजे कोलॅब करायचं ठरवलं, तर रंग आणि लोगो नंतर बघता येतात. आधी हे शोधायचं की जुन्या दुकानाच्या हातात असं काय आहे, जे नव्या ब्रँडला बाजारात विकत मिळत नाही. ते सापडलं की कापड, शिलाई आणि पैशांचा हिशोब त्याच्या मागून येतो. नाही सापडलं, तर टोपीवर नुसत्या दोन पाट्या लागतात.

पुढचं सगळं गणित शंभर टोप्यांच्या एका घाण्याला धरून मांडलं आहे.

आधी दुकानात जाऊन बसा

परदेशातली गाजलेली उदाहरणं आधी बघू. न्यू एरा ही टोप्यांची कंपनी १९२० साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात सुरू झाली. तिची फिफ्टीनाइन-फिफ्टी ही ठरावीक मापाची बेसबॉल टोपी १९५४ ची. सुप्रीम हे न्यूयॉर्कमधलं स्केटबोर्डचं दुकान निघालं १९९४ साली. सुप्रीमनं न्यू एराच्या टोपीवर आपलं नाव घातलं, पण टोपीचा साचा, मापाची पद्धत आणि बाजूची छोटी खूण न्यू एराचीच राहिली. १९९६ साली दिग्दर्शक स्पाइक ली यांनी न्यूयॉर्क यांकीज संघाची निळी टोपी लाल रंगात करून मागितली. साचा तोच, खूण तीच, बदलला तो फक्त रंग, आणि रंगीत टोप्यांचं पुढचं सगळं दार तिथून उघडलं. चॅम्पियन या खेळाच्या कपड्यांच्या कंपनीच्या स्वेटशर्टाचंही तसंच. १९३८ साली त्यांनी पेटंट घेतलेल्या रिव्हर्स वीव्ह पद्धतीत कापड आडवं फिरवून कापतात, म्हणजे धुतल्यावर शर्ट उंचीला आकसत नाही. चॅम्पियनसोबत काम करणाऱ्या नव्या ब्रँडना हे कापड आणि ही कापणी हवी असते.

आपल्याकडे हेच शोधायचं तर दुकानात दोन-तीन दुपारी नुसतं बसावं लागतं. मोबाइलवर डिझाइन दाखवत बसू नका. "मास्तर, जांगियाच्या कमरेला या ओळी किती घालता? आणि सुई कुठली?" असं विचारा. बघण्यासारख्या जागा चार. जांगियाच्या जाड पट्टीवर एकाशेजारी एक येणाऱ्या शिलाईच्या ओळी. कबड्डीच्या बनियनच्या कडेची दुरंगी पट्टी. जर्सीच्या पाठीवरचे आकडे कापायचे जुने पुठ्ठ्याचे फर्मे. आणि दुकानाच्या बिलबुकावरचं किंवा पाटीवरचं हातानं काढलेलं अक्षर.

यातली एकच गोष्ट उचला. चारही उचलल्या की टोपी नमुन्यांचा तक्ता दिसते. आमचं मत विचाराल तर जांगियाची शिलाई सगळ्यात मोलाची, कारण बकेट हॅटच्या (बादलीच्या आकाराची, चहूबाजूंनी काठ असलेली मऊ टोपी) काठाला गोल गोल शिलाईच्या ओळी लागतातच आणि जांगिया शिवणाऱ्याचा हात त्याच कामाला बसलेला असतो. आकड्यांचा फर्मा दुसऱ्या नंबरावर. कबड्डीत मैदानावर एका संघाचे सात गडी असतात, तेव्हा जुन्या फर्म्यातला सात टोपीवर आला तर त्याला सांगलीत कुणी अर्थ विचारणार नाही.

वेळही दुकानाच्या सोयीची धरा. मे-जूनमध्ये शाळांचे गणवेश आणि ट्रॅकसूट, हिवाळ्यात सामन्यांच्या जर्सी. या दोन्ही हंगामांत मास्तर तुमच्या टोपीला हात लावणार नाहीत, आणि लावला तरी घाईचं काम मिळेल. जुलै-ऑगस्ट मोकळा असतो. फक्त त्या दिवसांत कापडाचे तागे तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं होतं, हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको.

बकेट हॅटच का

बेसबॉल टोपीला पुढं बकरम (कडक अस्तर) घातलेल्या दोन कळ्या, प्लास्टिकची पात असलेला व्हायजर (कपाळावरची झापड), वाफेवर आकार देणारा साचा आणि घामपट्टी लावायला नळीसारख्या बेडचं मशीन लागतं. जर्सीच्या दुकानात यातलं काहीच नसतं. तयार कोऱ्या टोप्या आणून त्यांवर भरतकाम करता येतं, पण मग जुन्या कारागिराचा हात टोपीला लागतच नाही. बकेट हॅट मात्र साध्या एकसुई जुकी मशीनवर पूर्ण होते. सपाट तुकड्यांवर भरतकाम आधी करून घेता येतं, आणि चूक झाली तर एक तुकडा बदलतो, अख्खी टोपी वाया जात नाही. खेळाच्या मैदानावरून रस्त्यावर आलेली टोपी म्हणूनही तिची ओळख आहे. १९३८ ला इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या कँगॉल कंपनीची बकेट हॅट ऐंशीच्या दशकात रॅपर एल. एल. कूल जे यांनी घातली आणि ती हिपहॉपची खूण झाली.

माप आणि फर्मा

डोक्याचा घेर कपाळाच्या मधून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून मोजतात. मोठ्यांची बहुतेक डोकी ५६ ते ६० सेंमीत बसतात. शंभरात ५८ ची पन्नास, ६० ची चाळीस आणि ६२ ची दहा असा वाटा ठेवा. "फ्री साइज" लिहून एकच माप काढण्याचा मोह टाळा. बकेट हॅटला मागं पट्टा नसतो, घट्ट झाली की घट्टच राहते.

५८ च्या मापाला अस्तर आणि घामपट्टी लावण्याआधी आतला घेर ५९.५ सेंमी यायला हवा, कारण ती दोन्ही जवळपास दीड सेंमी खातात. वरचा तुकडा अंडाकृती ठेवा, लांबी १९ आणि रुंदी १६.५ सेंमी. त्याचा घेर साधारण ५५.८ सेंमी भरतो. उभी भिंत ९ सेंमी उंच, वरच्या कडेला ५५.८ आणि खालच्या कडेला ५९.५, दोन सारख्या भागांत. काठ ६ सेंमी रुंद. त्याची आतली कड ५९.५ आणि बाहेरची ८२ च्या आसपास. बाहेरचा घेर वाढवाल तसा काठ आडवा पसरतो, कमी कराल तसा खाली झुकतो. ९० च्या पुढं गेलात तर टोपी उन्हाळी शिबिरातली दिसायला लागते. ही सगळी मापं शिवून झाल्यावरची आहेत. फर्म्याला चहूबाजूंनी ७ मिमी दाब (शिलाईसाठी सोडायची जादा कड) वाढवा.

हा ७ मिमी दाबच सगळ्यात जास्त टोप्या बिघडवतो. वरच्या अंडाकृती तुकड्याला दाब ७ ऐवजी ९ मिमी गेला, तर शिलाईची रेघ चारी बाजूंनी २ मिमी आत सरकते आणि घेर साडेबारा मिमीनं कमी होतो. भिंतीचा घेर मात्र तेवढाच राहतो. मग उरलेलं कापड कुठंतरी जिरवायचं म्हणून कारागीर ते पुढं ढकलत जातो आणि शेवटच्या बोटभर जागेत चुण्या येतात. चुण्या दिसल्या की लोक कापडाला किंवा मशीनला दोष देतात. आधी उसवून दाब मोजा. उपाय सोपा आहे. मशीनच्या प्लेटवर सुईपासून ७ मिमीवर चुंबकी गाइड लावा, आणि फर्म्यावर पुढं, मागं, डावी, उजवी अशा चार खुणा मारा. खुणेचा काप ३ मिमीपेक्षा खोल नको, नाहीतर तो शिलाईपर्यंत पोचून तिथंच उसवतो.

तिन्ही मापांचे फर्मे जाड पुठ्ठ्याचे करा आणि प्रत्येकावर माप, तारीख आणि धाग्याची दिशा दाखवणारा बाण काढा.

कापड

बाहेरच्या बाजूला १६ बाय १२ काउंटचं (सुताच्या जाडीचा आकडा) सुती ट्विल, म्हणजे तिरक्या विणीचं कापड, चौरस मीटरला २४० ते २७० ग्रॅमचं. याहून हलकं घेतलं तर भिंत खाली बसते, जड घेतलं तर काठ आणि भिंत जिथं जुळतात तिथं सहा-सात थर एकत्र येऊन सुया मोडतात. इचलकरंजी हाताशी आहे, विट्यालाही माग आहेत. पण शंभर टोप्यांसाठी कोरं कापड घेऊन रंगवायला जाऊ नका. रंगाऱ्याचा किमान घाणा तुमच्या गरजेच्या कितीतरी पट असतो. तयार रंगवलेल्या साठ्यातूनच एक तागा निवडा.

५८ इंची पन्ह्यात एका मीटरला चार ते पाच टोप्या बसतात. काठाचे कमानीसारखे तुकडेच जास्त जागा खातात. शंभराला २२ ते २३ मीटर, नमुने आणि नासधूस धरून २५ मीटर घ्या. अस्तराला त्याच पन्ह्याचं हलकं सुती पॉपलिन ८ ते ९ मीटर पुरतं. घामपट्टी ३ सेंमी रुंद, टोपीमागे ६२ सेंमी, म्हणजे शंभराला ६२ मीटर, ६५ आणा.

आकसण्याची चाचणी केल्याशिवाय कात्री लावायची नाही. ताग्याच्या टोकापासून एक मीटर सोडून कापडावर ५० बाय ५० सेंमीचा चौकोन पक्क्या शाईनं आखा, तुकडा नेहमीसारखा धुवा, सावलीत वाळवा, हलकी इस्त्री फिरवा आणि पुन्हा मोजा. ५० चे ४८.५ झाले तर ते ३ टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण ५९.५ च्या घेरात ते पावणेदोन सेंमी होतात, म्हणजे ५८ ची टोपी पहिल्या धुण्यात ५६ ची. आकसणं १ टक्क्याच्या वर असेल तर सगळं कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. याच चाचणीत पांढऱ्या कपड्याचा तुकडा सोबत धुवा, रंग सुटतो का तेही कळतं. घामानं कपाळावर उतरणारा काळा रंग हे टोपी परत येण्याचं हमखास कारण आहे.

अस्तरात मास्तरांचं जर्सीचं इंटरलॉक (ताणलं जाणारं होजिअरी) कापड वापरावंसं वाटेल, आणि ते दिसतंही छान. फक्त ते वरच्या अंडाकृती तुकड्यापुरतं ठेवा. भिंतीचं अस्तर सुतीच. होजिअरी कापड ताग्यावर गुंडाळताना ताणलेलं असतं. उलगडून रात्रभर टेबलावर मोकळं पडू द्या, मग कापा. लगेच कापलेला तुकडा दुसऱ्या दिवशी अर्धा सेंमी लहान झालेला असतो. त्या शिलाईला गोल टोकाची सुई लावा, साध्या सुईनं फंदे तुटून भोकं पडतात.

कापताना सगळे तुकडे एकाच दिशेनं ठेवा. ट्विलची तिरकी रेघ उलट फिरली की उजेडात त्याच कापडाची दुसरी छटा दिसते. एका टोपीचे तुकडे एकाच थरातून निघाले पाहिजेत, म्हणून प्रत्येक थराला खडूनं नंबर घाला आणि गठ्ठे नंबराप्रमाणे बांधा. दोन तागे घ्यावे लागले तर त्यांचे तुकडे एकमेकांत अजिबात मिसळू देऊ नका.

भरतकाम, आणि शिरोरेषेचा प्रश्न

भरतकाम भिंतीच्या पुढच्या तुकड्यावर, शिवण्याआधी. तुकडा फर्म्यापेक्षा चहूबाजूंनी ३ सेंमी मोठा कापा, भरून घ्या, आणि मग फर्मा ठेवून अंतिम माप कापा. हजारो टाके पडले की कापड आत ओढलं जातं. आधीच मापात कापलेला तुकडा भरून आल्यावर फर्म्यापेक्षा लहान भरतो. पाठीमागं कटअवे (जादा भाग कापून काढायचा) पेपर वापरा. फाडून काढायचा पेपर लवकर निघतो खरा, पण दोन धुण्यांत अक्षर सुरकुततं.

रोमन अक्षरांसाठी ठरलेले नियम देवनागरीला तसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि डिजिटायझिंग करणारे (अक्षर भरतकामाच्या मशीनच्या फाइलमध्ये उतरवणारे) बरेच जण इथे चुकतात. "सांगली" हा शब्दच घ्या. त्यात पाच उभे दांडे आहेत: स चा, काना, ग चा, ल चा आणि शेवटची वेलांटी. फोम घालून उठावदार भरायचं तर प्रत्येक दांडा निदान ३ मिमी रुंद आणि दोन दांड्यांत २ मिमी मोकळं अंतर लागतं. अक्षरांची वळणं धरून शब्द ७० मिमीच्या खाली आणला, की ग चं वळण आणि त्याचा दांडा यांमधली फट बुजते आणि लांबून भलतंच अक्षर वाचलं जातं. साध्या, बिनफोमच्या भरतकामात अक्षराची उंची १२ मिमीपर्यंत खाली नेता येते. अनुस्वाराचा ठिपका मात्र २ मिमीपेक्षा लहान करू नका, तो धाग्याची गाठ वाटतो.

शिरोरेषा ही आडवी, लांब सॅटिन (एकाला एक चिकटून दाट भरलेल्या) टाक्यांची पट्टी. डावीकडून उजवीकडे सलग भरली तर कापड पुढं ढकललं जातं आणि शेवटच्या अक्षरापाशी रेषा वर किंवा खाली सरकते. म्हणून अक्षरं मध्यापासून बाहेरच्या दिशेनं भरायची, शिरोरेषा शेवटी, दोन अर्ध्यांत, मध्यापासून दोन्हीकडे. आणि दोन अर्धे मध्यात १ मिमी एकमेकांवर चढवायचे. रेषेखाली अंडरले (खालून आधार देणारे) टाके हवेतच. ओढ धरून सॅटिनची रुंदी ०.३ ते ०.४ मिमीनं वाढवायला सांगा, नाहीतर अक्षर आणि शिरोरेषा यांच्यात कापडाची बारीक फट दिसते. ही फट दिसली की अख्खा शब्द लोंबकळल्यासारखा वाटतो.

पुढं कधी सहा कळ्यांच्या टोपीकडे वळलात, तर हाच प्रश्न तिप्पट होतो. पुढच्या दोन कळ्यांची शिलाई कपाळाच्या मधोमध येते, तिथं कापडाचे थर साचून उंचवटा होतो, सुई त्यावरून घसरते आणि शिरोरेषा नेमकी तिथंच लाटेसारखी होते. मराठी शब्द हवा असेल तर पाच कळ्यांची टोपी घ्या, तिला पुढं सलग एकच कळी असते. आणि सहा कळ्यांच्या टोपीत दाबाची चूक कशी वाढते तेही ध्यानात ठेवा: सहा शिलायांच्या बारा कडा, प्रत्येकीला एकच मिमी जादा गेला तरी घेर १२ मिमीनं घटतो.

नमुना भरून झाला की तो तीन मीटरवरून वाचून बघा. रस्त्यावरचा माणूस टोपी साधारण तेवढ्याच अंतरावरून बघतो.

शिलाई

भिंतीचे दोन भाग जोडा, दाब उघडून इस्त्री करा, दोन्ही बाजूंना टाका द्या. मग चार खुणा जुळवून वरचा तुकडा बसवा. भिंत खाली, वरचा तुकडा वर, आणि शिवताना भिंतीच्या कडेला दर सेंमीवर ३ मिमीचे काप दिले की गोलाई सहज वळते. अस्तर असंच वेगळं तयार होतं.

काठाचा वरचा आणि खालचा थर बाहेरच्या कडेनं जोडून, काप देऊन, उलटवून चांगला दाबून घ्या. आत नॉन-वोव्हन फ्यूजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) घाला, ८० ते १०० ग्रॅमचं. खळीचं बकरम स्वस्त पडतं, पण पहिल्या पावसात त्याची खळ विरघळते आणि काठ पापडासारखा फुगतो.

आता जांगियाची शिलाई. ६ सेंमीच्या काठावर ७ मिमीच्या अंतरानं आठ ओळी बसतात. सुई १६ नंबर, इंचाला आठ ते नऊ टाके. कडेपासून सुरू करून न थांबता गोगलगाईच्या शंखासारखं आत येत राहायचं, म्हणजे प्रत्येक ओळीला गाठ मारावी लागत नाही आणि मागं जाडसर ठिपके दिसत नाहीत. काठाला पीळ पडणं हा इथला नेहमीचा दोष. मशीनचे दात खालचा थर पुढं ओढतात, पाय वरचा थर मागं रेटतो, आणि आठ ओळी एकाच दिशेनं गेल्यावर हा फरक साचत जातो. पायाचा दाब सैल करा, टेफ्लॉनचा पाय लावा, आणि शिवण्याआधी दोन्ही थर चार-सहा जागी कच्च्या टाक्यानं धरून ठेवा. जांगिया शिवणाऱ्या मास्तरांना हे सांगावं लागत नाही. ते डाव्या हातानं खालचा थर बोटभर मागं धरून ठेवतात आणि ओळ सरळ येते. ही गोष्ट कॅमेऱ्यात जरूर घ्या, पण त्यांना विचारून.

धाग्याचा अंदाज काढून ठेवा, कारण काठावर वेगळ्या रंगाचा धागा खुलतो आणि मध्येच संपला तर दुसऱ्या लॉटची छटा जुळत नाही. एका ओळीची सरासरी लांबी ७१ सेंमी, आठ ओळींचे पावणेसहा मीटर. जुकीच्या टाक्याला वरचा-खालचा धागा मिळून शिलाईच्या लांबीच्या तिपटीपर्यंत धागा जातो. म्हणजे काठालाच टोपीमागे १७ मीटर, शंभराला १,७०० मीटर. बाकीच्या शिलाया धरून एकूण ३ हजार मीटरची तयारी ठेवा.

शेवटी टोपी, अस्तर आणि काठ एकत्र जोडून त्यावर घामपट्टी. पट्टीचा जोड मागच्या बाजूला यावा, कपाळावर आला तर टोचतो.

नाव कुणाचं, कुठं

पुढं एकच खूण ठेवा. दुसरी आत किंवा बाजूला. जुन्या दुकानाचं नाव आतल्या घामपट्टीवर किंवा अस्तराच्या वरच्या तुकड्यावर, त्यांच्या बिलबुकातल्याच अक्षरात छापलं तर टोपी हातात घेणारा ते उलटवून दाखवतो. विणलेल्या लेबलची किमान ऑर्डर बहुधा शंभराहून खूपच मोठी असते, म्हणून लेबलवर साल घालू नका, उरलेली पुढच्या घाण्याला चालतील.

काही गोष्टी टोपीवर येऊ देऊ नका. परदेशी संघांची आणि ब्रँडची चिन्हं नोंदणीकृत आहेत, "थोडं बदलून" वापरणं म्हणजे नक्कलच. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र विक्रीच्या मालावर वापरायला १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं कायद्यानं मनाई आहे. साताऱ्याच्या बाजारात असे कपडे सर्रास दिसतात म्हणून ते चालतं असं धरू नका. खेळाडूंचंही तसंच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव, कवठेपिरानचे पैलवान मारुती माने, सांगलीत जन्मलेले क्रिकेटपटू विजय हजारे ही आपल्या मातीची मोठी नावं आहेत. त्यांच्या नावाची टोपी काढायची तर कुटुंबीयांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि ती मिळेपर्यंत नमुनासुद्धा बाहेर दाखवू नका. स्पर्धांची आणि मॅरेथॉनची नावं आयोजकांची असतात, तिथंही विचारावं लागतं.

स्वतःचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग २५ मध्ये नोंदवा. कपडे, पादत्राणं आणि टोप्या याच वर्गात येतात. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये. जुन्या दुकानाचं नाव मात्र त्यांच्याच नावे नोंदलं गेलं पाहिजे. "काका, तुमचंही आमच्याच नावावर टाकतो" असं कुणी म्हटलं तर ते थांबवा. बिलावर शिवलेल्या कापडी टोप्यांचा एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) ६५०५. कराचा चालू दर सीएकडून पक्का करून मगच किंमत छापा.

पैसे

करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, साध्या मराठीत, दोन पानांत बसतो. त्यात किती टोप्या, कुठल्या मापाच्या, नमुना कोण मंजूर करणार, खराब निघालेल्या टोप्यांचं काय, उरलेल्या मालाचं काय, फर्मा आणि भरतकामाची फाइल कुणाची, आणि दुसरा घाणा काढायचा तर पुन्हा विचारायचं की नाही, एवढं लिहा. भांडणं बहुतेक शेवटच्या दोन मुद्द्यांवर होतात.

वाटणीचा हिशोब एका उदाहरणानं बघू. दर समजायला घेतले आहेत, तुमचे घालून बघा. कापड, शिलाई, भरतकाम, लेबल मिळून टोपीमागे २७० रुपये, म्हणजे २७,००० रुपये. फर्मा, डिजिटायझिंग, नमुने यांचे ४,०००. एकूण ३१,०००. शंभरातल्या सहा टोप्या दुय्यम निघण्यात, धुऊन बघण्यात आणि नमुन्याला ठेवण्यात गेल्या तर विकायला उरल्या ९४, आणि खरा खर्च पडला टोपीमागे ३३० रुपये. २७० धरून किंमत ठरवणारे इथेच फसतात. कर वजा जाता टोपी ७५० ला गेली तर ९४ टोप्यांचे ७०,५०० रुपये. फोटो, पाकीट, कुरिअरचे ६,००० काढले की नफा ३३,५००.

जुन्या दुकानाला नफ्यातला ३० टक्के वाटा दिला तर त्यांना १०,०५० मिळतात. विक्रीवर ८ टक्के रॉयल्टी दिली तर ५,६४०. पहिला आकडा मोठा दिसतो. पण साठच टोप्या खपल्या तर? विक्री ४५,०००, खर्च ३१,०००, वरचा खर्च समजा ४,५००. नफा ९,५०० आणि त्यांचा वाटा २,८५०. रॉयल्टी मात्र ३,६०० होते. आणि रॉयल्टीला फक्त विकलेल्या टोप्या मोजायच्या असतात, तुमचा जाहिरातीचा खर्च खरा की खोटा यात मास्तरांना पडावं लागत नाही. म्हणून शिलाईची मजुरी माल हातात येताच रोख, आणि वर विक्रीवर रॉयल्टी, हीच रीत पहिल्या कोलॅबला योग्य. न विकलेल्या टोप्यांचा धोका नव्या ब्रँडनं उचलायचा. मास्तरांनी हात आणि नाव दिलं आहे, तेवढं पुरे.

माल तपासताना

प्रत्येक टोपीचा आतला घेर टेपनं मोजा. ५ मिमीपर्यंत फरक चालेल, त्यापुढं ती टोपी खालच्या मापाच्या ढिगात किंवा दुय्यमात. सपाट टेबलावर ठेवून काठ चारी बाजूंनी सारखा टेकतो का बघा, पीळ तिथं लगेच दिसतो. आत बोट फिरवून सुटलेला टाका आणि मोडक्या सुईचं टोक शोधा. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे जुळल्याशिवाय पुढची टोपी शिवायची नाही, हा नियम मशीनशेजारीच लिहून लावा.

एक टोपी धुऊन बघा, आणि धुतलेली टोपी विकू नका. एक मास्तरांच्या दुकानात टांगायला द्या, एक फर्म्यांसोबत ठेवा. पाठवताना टोप्या एकात एक घालून, वरच्या टोपीत चुरगळलेला कागद भरून, उभ्या खोक्यात ठेवायच्या. पातळ पिशवीत दाबून पाठवली तर भिंतीला मधोमध जी घडी पडते, ती इस्त्रीनंही पुरती जात नाही.